आडवा पत्ता

न्यूलिनच्या बंदरात, बर्फखान्याच्या वर
टॅम्सिन नॅनकॅरोची खोली.
मेजावर मेणकापड, त्यावर छापलेली लिंबं,
तिच्या कोपरांखालची पुसून गेलेली.
मी लिलाव आटपून दहाला पोचते,
हाताला बांगड्याचा वास.
"साबण लाव," ती म्हणते, "मग पीस."
पत्ते तिच्या सासूचे. कडा फुगल्यात,
पिसताना एकमेकांना सोडत नाहीत.

पहिला मधोमध. ही तू.
कंदील धरलेला म्हातारा, एकटा, बर्फात.
"मी एकोणतीसची आहे," मी म्हटलं.
"बरं मग?" ती म्हणाली.

दुसरा त्याच्यावर आडवा.
आडवा म्हणजे आडवा येणारा,
एवढं शिकवावं लागलं नाही.
पण बाकीचे सुलटे पडतात किंवा उलटे,
हा एकटाच दोन्ही नाही, हे नवं होतं.
तलवारींची पंजी :
एक जण तलवारी गोळा करतोय,
दोघं पाठ फिरवून पाण्याकडे चाललेत.
"यातली मी कोण?"
"मान वाकडी कर. डावीकडून बघ,
मग उजवीकडून."

डेन्झिल. तिला मी काही सांगितलं नव्हतं.
बाबांची होडी विकली तेव्हा सही माझी होती.
तो पीटरहेडला असतो, तीन वर्षं झाली.
माझ्याकडे पत्ता आहे त्याचा,
डब्यात, विम्याच्या कागदांखाली.

मग डोक्यावरचा आधी की पायाखालचा?
पुस्तकात एक, सासूचं भलतंच.
"सासू गेली, पुस्तक भिजलं,
आता मी म्हणेन ते."
पायाखाली मनोरा, जळता.
पाठीमागे काठ्यांची दुर्री.
डोक्यावर चंद्र, दोन कुत्री, एक खेकडा.
खेकडा पाहून मला हसू आलं,
रोज चाळीस पेट्या मोजते मी त्यांच्या.
पुढ्यात काय पडलं ते विसरले.
लिलावाच्या पावत्यांमागे लिहून मी अर्थ पाठ केलेले,
त्या पावत्या तिने घडी घालून
डुगडुगत्या पायाखाली सारल्या.
"अर्थ राहू दे.
कोण कुणाकडे तोंड करून बसलंय ते सांग."

उजवीकडचे चार खालून वर,
ओहोटीला धक्क्याची शिडी चढावी तसे.
पहिल्या पायरीवर आपण.
दुसरीवर घर, घरातली माणसं, त्यांची कुजबूज.
तिसरीवर जे हवंय आणि ज्याची धास्ती आहे.
"दोन्हींना एकच पत्ता?"
"एकाच खोलीत राहतात त्या.
दार वाजलं की कोण उघडेल सांगता येत नाही."

तिथे निघाला पुठ्ठ्याचा तुकडा,
भरती-ओहोटीच्या जुन्या वेळापत्रकाचा,
पत्त्याच्या मापाने कापलेला.
चषकांची छक्की हरवलीय,
कधी, कुठे, पत्ता नाही.
चित्र मी पाहिलेलंच नाही. तिने तोंडी सांगितलं :
अंगण. मोठा मुलगा धाकटीला
फुलं भरलेला पेला देतोय.
"घेते का ती?"
टॅम्सिन बराच वेळ आठवत राहिली.
"तिने हातमोजा घातलाय," म्हणाली,
"एवढं नक्की."
पुठ्ठ्यावर लिहिलं होतं : भरती, सकाळी ६.१२.

दहावा. मी श्वास धरला.
नाण्यांची अठ्ठी :
बाकावर बसून एक माणूस
तेच ते नाणं ठोकतोय, आठव्यांदा.
"हा शेवट?"
"शेवट कसला, आज बुधवार आहे.
आता सगळं सलग वाच. अडखळ, पण थांबू नको."

मी वाचलं. वाईट वाचलं.
मनोऱ्यापाशी आवाज चिरकला,
चंद्राला दोनदा सूर्य म्हटलं.
तिने चूक काढली नाही,
किटली भरायला उठली.

तिची पाठ वळली तसा
मी तो आडवा पत्ता उचलून सरळ धरला.
मग उलटा.
तलवारी उचलणारा दोन्हीकडून हसतच होता.
पाण्याकडे चाललेल्या दोघांपैकी एकाने
तोंड हातांत घेतलंय,
हे मघाशी दिसलं नव्हतं.

नळ बंद झाला.
मी पत्ता होता तिथे ठेवला, आडवा,
पण जरा तिरका पडला.